वाड्याच्या माळ्यावरची पुस्तकं: रद्दीवाल्याला फोन करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या नाशकातला आजोबांचा वाडा पाडायला निघालाय, माळ्यावर पुस्तकांच्या तीन पेट्या सापडल्या, रद्दीवाला किलोवर घ्यायला तयार आहे आणि घरच्यांना जागा मोकळी करायची घाई आहे. यात काही मौल्यवान असेल का? आणि जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांना त्यात एवढं मिळतं तरी काय?

मी नाशकात बरीच वर्षं जुनी पुस्तकं जमवतो, वाचतो आणि जमेल तेवढी दुरुस्तही करतो. सोमवार पेठ, तिवंधा, भद्रकाली, पंचवटी, कुठलाही वाडा उतरायचा म्हटलं की सागवानी खांब, तुळया आणि नक्षीच्या दरवाज्यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. तांब्यापितळेची भांडी भावाभावांत वाटली जातात. पुस्तकांची पाळी सगळ्यात शेवटी, मजूर माळा रिकामा करायला चढल्यावर. तुम्ही त्याआधी विचारलंत, बरं केलंत.

पैशाचं आधी सांगून टाकतो. जुनं आहे म्हणजे महाग असणार, हा समज सोडून द्या. पुस्तकाचं वय हा किमतीचा सगळ्यात कच्चा आधार. हरिविजय, पांडवप्रताप, गुरुचरित्र, दासबोध हे ग्रंथ घरोघरी होते, त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि देवघरात असल्यामुळे लोकांनी ते जपलेही. त्यामुळे शंभर वर्षांची प्रत आजही फारसे कष्ट न घेता मिळते आणि तिला विकत घेणाराही सहसा नसतो. उलट शाळेची क्रमिक पुस्तकं ढिगांनी छापली गेली, पण मुलांनी ती वापरून, फाडून, धाकट्या भावंडांना देऊन संपवली. त्या काळातलं मराठी तिसरीचं धडधाकट पुस्तक पेटीत निघालं, तर माझ्या मते ते दहा पोथ्यांहून जास्त लक्ष देण्याजोगं आहे.

आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे ज्याला कुणी पुस्तक म्हणणारच नाही असं आठ-सोळा पानांचं चोपडं. नाटकाचं हँडबिल, व्याख्यानमालेचं पत्रक, सिंहस्थाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी छापलेलं क्षेत्रमाहात्म्य, एखाद्या लग्नातली छापील मंगलाष्टकं. ही जपायची असतात असं कुणाला कधी वाटलं नाही, म्हणूनच ती उरली नाहीत. नाशिकचा इतिहास तर अशा कागदांनी भरलेला आहे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाठोपाठ धरपकड झाली. अशा दिवसांत छापील कागद घरात ठेवणंही धोक्याचं असतं. पुढे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या काळातलं एखादं पत्रक, सभेची एखादी जाहिरात पोथीच्या पुठ्ठ्यात किंवा जाड ग्रंथाच्या पानांत दबून राहिलेली असू शकते. म्हणून पेटी उपसताना जाड आणि कापडी बांधणीचं आधी उचलू नका. बारीकसारीक कागद आधी बाजूला काढा.

उपसण्याची रीत साधी आहे. उन्हात नाही, पण उजेडात चादर पसरा. नाकातोंडाला मास्क बांधा, कारण ही धूळ आणि बुरशी खरोखर बाधते. पेटीत जी पुस्तकं एकत्र सुतळीने बांधलेली असतील, त्यांचा गठ्ठा सोडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. कुणी काय कशाबरोबर ठेवलं होतं, यातूनही घराचा वाचक कळतो. कायद्याच्या पुस्तकांत खोचलेली कादंबरी मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तिचा अचंबा वाटत नाही.

आता पुस्तकाचं साल. मुखपृष्ठ आणि पहिलं पान गेलं म्हणून पुस्तक टाकू नका, उरलेलं पुस्तक तुम्हाला साल सांगतं. मला स्वतःला या छंदातला हा भाग सर्वांत आवडतो. शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर बहुधा ७९, कारण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. 'हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे' अशी ओळ दिसली तर ते १८६७ नंतरचं हे उघडच आहे. ती ओळ नसेल, कागद जाड आणि खरखरीत असेल आणि छपाई शिळाछापाची असेल तर जरा सावध व्हा. १८६७ च्या आधीच्या मराठी छापील पुस्तकांना जाणकार दोलामुद्रितं म्हणतात आणि ती क्वचितच नजरेला पडतात.

शिळाछाप ओळखायचा कसा? त्यात मजकूर हाताने लिहून तो दगडावर उतरवलेला असतो. त्यामुळे एकाच पानावरचे दोन 'क' शेजारी शेजारी धरून पाहिले तर हुबेहूब एक निघत नाहीत. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत ते एक निघतात, आणि पानाच्या पाठीमागून बोट फिरवलं तर खिळ्यांचा दाबही लागतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने जे खिळे पाडले, त्यांची वळणं पाहिल्यावर आजच्या संगणकी अक्षरांवर डोळा ठरायला थोडा वेळ लागतो. ही माझी आवड, वाद घालणारे घालतील.

विसाव्या शतकातल्या पुस्तकांच्या खुणा आणखी सोप्या आहेत. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं धरायला हरकत नाही. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' हा शब्द १९६४ पर्यंत चालला, म्हणजे किमतीत 'न. पै.' दिसलं की सात वर्षांच्या पट्ट्यात पुस्तक सापडलं. प्रकाशकाचा पत्ता नुसता 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' असा असेल आणि सहा आकडी पिनकोड नसेल, तर ते बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं नाही. 'घरांत', 'नाहीं', 'त्यानें केलें' असे अनुस्वार ओळीओळीवर असतील तर पुस्तक १९६२ च्या लेखननियमांआधीचं. अर्थात जुन्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण तेच खिळे, तेच अनुस्वार ठेवूनही निघतं. आणि 'अितिहास', 'अुपाय' असं छापलेलं दिसलं तर दचकू नका, ते मुद्रणदोष नव्हेत. सावरकरांच्या लिपिशुद्धीचा तो परिणाम. किर्लोस्कर मासिकांनी ती पद्धत चालवली होती. सावरकरांचं भगूर तर आपल्या शेजारचंच, पण नाशिककरांनाही हे सांगावं लागतं. एका खुणेवर भरवसा ठेवू नये. दोन-तीन खुणा एकाच दिशेला गेल्या की साल पक्कं समजावं. पडताळायचं असेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ती दोन भागांतली नोंद म्हणजे आमच्या मंडळींचा पंचप्राण आहे.

एवढं झालं म्हणजे पुस्तक ओळखलं. वाचलं मात्र अजून नाही. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जुन्या पुस्तकात छापलेला मजकूर एक आणि त्या प्रतीवर वापरणाऱ्यांनी ठेवलेला मजकूर दुसरा. मजकूर हवा असेल तर नवी आवृत्ती घ्या, स्वच्छ असते, डोळ्यांना सोपी असते. जुनी प्रत घ्यायची ती या दुसऱ्या मजकुरासाठी.

माझ्याकडे पाकशास्त्राचं एक पुस्तक आहे, पंचवटीतल्या एका रद्दीच्या दुकानातून आणलेलं. मुखपृष्ठ नाही, शेवटची काही पानं नाहीत, तेलकट डागांनी कागद जागोजागी पारदर्शक झालाय. विकायला काढलं तर कुणी हातात घेणार नाही. पण समासात दोन बायकांची अक्षरं आहेत. पहिलं बारीक, बोरूचं वळण असलेलं, जांभळ्या शाईतलं. श्रीखंडाच्या कृतीत छापलंय केशर. तिने शेजारी लिहिलंय, 'जायफळ चालते'. अनरशांच्या पानावर 'तूप दिले त्याहून निम्मे लागते'. आणि एका ठिकाणी नुसतंच, 'खोटे आहे'. पुस्तकाच्या लेखकाने सांगितलेली कृती जमली नसणार, आणि तिने निकाल देऊन टाकला. दुसरं अक्षर पेन्सिलीचं, मोठं, शाळेत गिरवलेलं. ही दुसरी बाई मापं बदलत जाते. छापील 'एक शेर' जिथे जिथे आहे तिथे तिने '९३३ ग्रॅम' लिहिलंय, तोळ्यांचे ग्रॅम करून काठाला छोटी बेरीज मांडली आहे. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमच होतो, हिशेब बरोबर आहे. मेट्रिक वजनं आपल्याकडे साठच्या आसपास रुळली, म्हणजे हे अक्षर त्या सुमाराचं. सासू-सून असाव्यात असा माझा अंदाज, कारण दुसरीने पहिलीच्या एकाही शेऱ्यावर काट मारलेली नाही. फक्त 'खोटे आहे'च्या खाली पेन्सिलीने लिहिलंय, 'आच मंद ठेवली तर जमते'.

आता सांगा, हे नव्या आवृत्तीत कुठून मिळणार? आणि स्कॅन केलेल्या प्रतीतही नाही, कारण स्कॅन करणारे निवडून स्वच्छ प्रत घेतात.

असंच एक सुख म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असलेली पानं. एकोणिसाव्या शतकात पुस्तक छापायला पैसा कुठून यायचा? काहींना सरकारच्या दक्षिणा प्राइज कमिटीचं बक्षीस मिळायचं, काही कुणा संस्थानिकाच्या आश्रयावर निघायची, आणि कितीतरी पुस्तकं आगाऊ वर्गणीदार जमवून निघायची. त्या वर्गणीदारांची नावं गावासकट छापलेली असतात. अशी यादी हाती लागली की मी आधी नाशिक शोधतो, मग येवला, सिन्नर, मालेगाव, निफाड. कुठल्या गावात कोण मामलेदार, कोण वकील, कोण मास्तर पुस्तकाच्या आधीच पैसे भरत होता हे त्यातून कळतं. कधी एखाद्या छोट्या गावातून एकदम पाच-सहा नावं निघतात, तेव्हा तिथे एखादा धडपड्या शाळामास्तर असणार हे ताडायचं. जाहिरातींचं काय सांगावं! शक्तिवर्धक गोळ्या, केशवर्धक तेलं, त्याच छापखान्यातली बाकीची पुस्तकं, 'टपालहंशील निराळे'. काही वेळा मुख्य पुस्तक कंटाळवाणं असतं आणि जाहिराती फर्मास.

शुद्धिपत्रही वाचा. जुन्या पुस्तकांना चांगली दोन-तीन पानी शुद्धिपत्रं असायची. त्यातल्या सगळ्या चुका आधी पुस्तकभर शाईने दुरुस्त करून मगच वाचायला बसणारी पिढी होती. अशी प्रत हातात आली की मालक कोण असेल ते ओळखता येतं: शिक्षक, नाहीतर कोर्टातला शिरस्तेदार. नाव पहिल्या पानावर असतंच, पण पुष्कळदा मोडी लिपीत. मोडी लिहिण्या-वाचण्याची सवय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घराघरात टिकून होती, म्हणून पुस्तक देवनागरीत छापलेलं असलं तरी मालकाची सही, उसनवारीची नोंद, घेतल्याची तारीख मोडीत सापडते. निदान मूळाक्षरं आणि नेहमीची जोडणी शिकून घ्या. मोडीचे वर्ग चालतात, काही आठवड्यांत नाव वाचण्यापुरती नजर तयार होते.

वाचण्याबद्दल माझं एक आग्रही मत आहे. जुन्या पुस्तकाला लगेच मान तुकवू नये. एकोणिसाव्या शतकातलं मराठी गद्य काही ठिकाणी फार सुंदर आहे आणि काही ठिकाणी इंग्रजी वाक्याच्या ओझ्याखाली वाकलेलं. दोन्ही एकाच पुस्तकात सापडतं. त्यातले जातीचे, बायकांबद्दलचे समज तर आज वाचवत नाहीत. ते गाळून वाचू नये. त्या माणसांच्या तोंडचं ते जसंच्या तसं वाचावं आणि चिडायचं तिथे चिडावं. पेन्सिल हातात असेल तर हलक्या हाताने समासात लिहायलाही माझी ना नाही. शाईने मात्र नको.

नाशिकच्या माणसाला एक वाचन मी हमखास सुचवतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालिकेतला सोळावा खंड, नाशिक जिल्हा, १८८३. इंग्रजीत आहे, मूळ प्रत मिळणं कठीण, पण मजकूर इंटरनेटवर बघता येतो. तो घेऊन रविवारी सकाळी रामकुंडापासून सराफ बाजारातून वर चढत यावं. देवळं, घाट, पेठा, धंदे यांची वर्णनं वाचत चालताना कुठे काय उरलंय आणि कुठे पार्किंग झालंय ते पायाला कळतं. त्या खंडाचं इंग्रजी सरकारी आहे, रुक्ष आहे, आणि ते तसं असल्यामुळेच उपयोगी आहे.

जमवायचंच असेल तर धागा धरून जमवा. धागा नसला की दोन वर्षांत घरात रद्दीचं दुकान होतं आणि घरच्यांचा पाठिंबा जातो. धागा विषयाचा असू शकतो, छापखान्याचा, काळाचा, गावाचा. नाशिककराला गावाचा धागा फार सोयीचा. कुसुमाग्रज इथले, त्यांचा 'विशाखा' १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रसिद्ध केला. वसंत कानेटकर इथे राहिले आणि शिकवत होते. बाबूराव बागूल इथे राहिले. या तिघांच्याच पहिल्या आवृत्त्या शोधायच्या म्हटल्या तरी काही वर्षं मजेत जातात, आणि तिघांचे वाचक इतके वेगळे की त्यांच्या प्रती निघतातही वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून. कानेटकरांची नाटकं हौशी मंडळांच्या घरांतून, पात्रांच्या नावापुढे नटांची नावं लिहिलेली. बागुलांच्या कथा कार्यकर्त्यांच्या ट्रंकांतून, पत्रकांच्या सोबतीने.

शोधायचं कुठे? रद्दीवाल्याशी मैत्री करा, हे पहिलं. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड, प्रत्येक भागातल्या दुकानदाराला तुमचा नंबर देऊन ठेवा आणि किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त द्या. घासाघीस इथे करू नये. दिवाळीआधीची आवराआवर आणि मे महिन्यातली घरबदली हे दोन हंगाम. मुंबईला फाउंटनचा पदपथ आणि पुण्याचा जुना बाजार आहेतच, पण तिथला विक्रेता तुमच्याइतकाच जाणकार असतो. एक गोष्ट मात्र पाळा. आतल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर 'रद्द' किंवा 'बाद' असा दुसरा शिक्का नसेल, तर ते पुस्तक कुणीतरी परत न केलेलं असू शकतं. संबंधित वाचनालयाला विचारा, हवं असेल तर परत द्या. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या जुन्या वह्या कुणी विकायला आणल्या तर त्याही घेऊ नका. त्यात शेकडो घराण्यांच्या पिढ्या आहेत. त्या क्षेत्राच्या ठिकाणीच राहायला हव्यात.

आता निगा. नाशिकची हवा कोकणापेक्षा पुष्कळ बरी, तरी जून ते सप्टेंबर पुस्तकांना वाईटच. जुनी पुस्तकं मरतात ती मुख्यतः स्वतःच्या कागदाने. चिंध्यांपासून केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद दोनशे वर्षांनीही वळतो. लाकडाच्या लगद्याचा यंत्रावरचा कागद मात्र स्वतःतल्या आम्लाने पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी दुमडला की पापडासारखा मोडतो. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण होतं, त्या वर्षांतल्या पुस्तकांचे हाल सर्वांत जास्त. हे उलटवता येत नाही, फक्त लांबवता येतं: थेट ऊन नको, ट्यूबलाइटच्या अगदी खाली कपाट नको, भिंतीला चिकटवून कपाट नको. ओल भिंतीतून येते आणि वाळवीही.

कसर खळीवर आणि कापडाच्या चिकीवर जगते. जुने बांधणीवाले खळीत विषारी मोरचूद घालायचे ते म्हणूनच. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र पुस्तकातून वर्षानुवर्षं जात नाही आणि बंद खोलीत तो माणसालाही बरा नव्हे. किडा लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. पुस्तक खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडा, नाहीतर त्यावर दव धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं हा गुन्हा समजा. टेप सुटते, डिंक राहतो, कागद जळल्यागत तपकिरी होतो. गव्हाची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू, एवढंच. आणि बांधणीवाल्याकडे देताना दोन गोष्टी बजावून सांगा: शिलाई जुजबंदीच, म्हणजे घडी केलेल्या पानांचे जुज दोऱ्याने शिवूनच हवी, आणि कडा कापायच्या नाहीत. कटिंग मशीनखाली गेलेला समास परत येत नाही, आणि समासातच तर सगळी गंमत आहे.

तुमचा वाडा गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, किती जवळ आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला की सराफ बाजार, भांडी बाजाराकडची माणसं तळमजला उचलायला लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी ते पाहिलं. पेट्या तळघरात किंवा जमिनीवर असतील तर आजच वर हलवा. भिजलेलं पुस्तक सापडलं तर उन्हात टाकू नका, दाबूही नका. उभं करून पानं पंख्यासारखी किंचित उघडी ठेवा, दर काही पानांनी कोरा टिपकागद घाला, तो ओला झाला की बदला, आणि खोलीत नुसता पंखा लावा. एकदम खूप पुस्तकं भिजली असतील तर ती पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये गोठवून ठेवावीत आणि सवडीने एकेक काढावीत. बुरशी आधी पूर्ण सुकू द्या, मग मऊ ब्रशने, तीही गच्चीवर झटका. ओली बुरशी पुसली की ती कागदात मुरते.

लाल खारव्याच्या कापडात बांधलेल्या हस्तलिखित पोथ्या निघाल्या तर त्या वेगळ्या ठेवा, सोडून पानं विस्कटू नका. ७५ वर्षांहून जुनी, वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येतात आणि ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांच्या सामानात त्या सहज घालून देऊ नका. नुसतं ठेवायला जागा नसेल तर १८४० सालापासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, पुण्याला भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मात्र पेट्या रिक्षात घालून दारात नेऊन ठेवू नका. आधी नाव, लेखक, साल, छापखाना एवढी यादी करून पाठवा. त्यांच्याकडे आधीच चार प्रती असलेलं पुस्तक तुम्ही दिलंत, तर तेही शेवटी त्याच रद्दीवाल्याकडे जाईल.

आणि जे काही रद्दीत द्यायचं ठरेल, त्याचंही प्रत्येक पुस्तक देण्याआधी सावकाश पान-पान उलटून बघा. पुस्तकांत जन्मपत्रिका निघतात, पोस्टकार्डं निघतात, शेतसाऱ्याच्या पावत्या निघतात आणि कधी कधी जमिनीचे किंवा घराच्या जुन्या वाटणीचे कागदही. वाडा पाडायच्या वेळी ते वकिलाला दाखवल्याशिवाय चुलतभावांना दाखवू नका.